ढिगारकोंबडीची चार अंडी

निगडी प्राधिकरण
९ जून १९७९

श्री. साहेबराव ओव्हाळ यांस,
सप्रेम नमस्कार.

दुर्बीण मिळाली. मुंबईच्या दुकानदाराने 'आता फेकून द्या' म्हणून सांगितलेली वस्तू तुम्ही आठ दिवसांत नवी करून दिलीत. कारखान्यात मी वर्क्स मॅनेजर असताना तुम्ही टूलरूममध्ये अठरा वर्षं होतात. 'जॉब झाला का?' यापलीकडे आपलं कधी बोलणं झालं नाही. आता माझ्या निवृत्तीनंतर कळतंय, की दर रविवारी हॅरिस पुलाखाली बसून पक्ष्यांची टिपणं ठेवणारा माणूस आपल्याच कारखान्यात होता!

आता मुद्दा. येत्या जानेवारीत मी आणि प्राणिशास्त्राचे प्रा. गोवंडे निकोबारला जाणार आहोत. त्या बेटांवर कोंबडीएवढा एक पक्षी आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. तो अंड्यांवर बसत नाही. किनाऱ्याजवळ वाळूचा आणि कुजक्या पाल्याचा मोठा ढीग करतो आणि त्यात अंडी पुरतो. पाला कुजताना जी ऊब होते तिच्यावर पिल्लू वाढतं आणि अंगावर पिसं घेऊनच बाहेर पडतं. वनखातं आम्हाला चार अंडी काढायची परवानगी देणार आहे. ती पुण्यात आणून उबवायची, असा माझा मानस आहे.

त्यासाठी बोटीवर चालेल अशी उबवणीची पेटी हवी. ती तुम्हीच करू शकाल. बेटांवर जायचा सरकारी पास तिघांचा निघतो. तिसरं नाव तुमचं घालतो आहे. हो म्हणा.

आपला,
अण्णासाहेब


दापोडी
१७ जून १९७९

आदरणीय अण्णासाहेब यांस,
सविनय नमस्कार.

आपलं पत्र आधी मनात तीनदा वाचलं, मग घरात मोठ्याने वाचून दाखवलं. आमची मंडळी, तानुबाई, म्हणाली, "काळ्या पाण्याला चांगली माणसं जातात व्हय?" मी म्हटलं, "वर्क्स मॅनेजर जातात."

साहेब, मी पुणे जिल्ह्याबाहेर एकदाच गेलो आहे, नागपूरला. समुद्र पाहिलेला नाही. आता कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर निकोबारचा नकाशा काढून भिंतीला लावला आहे. पुण्याच्या ग्रंथालयातून इंग्रजी पुस्तक आणलं, शब्दकोश घेऊन रोज दोन पानं वाचतो. नारळ फोडणारा खेकडा तिथे आहे. माणसाएवढी कासवं रात्री वाळूत अंडी घालायला येतात. आपल्या पक्ष्याला मी घरात 'ढिगारकोंबडी' म्हणतो. शेजारची पोरंही आता तसंच म्हणायला लागली आहेत.

पेटी सागवानी, आतून पत्रा, मध्ये भुसा. उष्णता रॉकेलच्या चिमणीची. दोन धातूंची एक पट्टी बसवतो. ती तापली की वाकते आणि झाकण उघडून जादा ऊब बाहेर सोडते. बाहेर तबकडी आणि काटा, म्हणजे न उघडता आतलं तापमान कळेल. ढिगाऱ्यात साधारण तेहतीस अंश असतात असं वाचलं.

मी हो म्हणतो. हे लिहायचंच राहत होतं.

आपला नम्र,
साहेबराव ओव्हाळ


निगडी प्राधिकरण
१६ ऑक्टोबर १९७९

प्रिय साहेबराव,

रविवारी आमच्या बंगल्यावर बैठक छान झाली. पेटीचं काम पाहून सगळे थक्क झाले. तिच्यातून कोंबडीची पिल्लं काढून दाखवलीत म्हणजे कमालच.

एक छोटी गोष्ट. प्रा. गोवंडे त्या पक्ष्याचं अंडं पांढरं असतं म्हणाले, तेव्हा तुम्ही पिशवीतून पुस्तक काढून 'ताजं अंडं तांबूस असतं' हे पान सर्वांसमोर वाचून दाखवलंत. तुमचं बरोबर होतं. पण त्यांचे दोन विद्यार्थी समोर बसले होते. पस्तीस वर्षं शिकवलेला माणूस आहे, त्याला लागलं. पुढच्या वेळी अशी गोष्ट माझ्या कानात सांगत चला.

बाकी तयारी चालू ठेवा.

आपला,
अण्णासाहेब


दापोडी
२१ ऑक्टोबर १९७९

आदरणीय अण्णासाहेब,

चूक झाली. सरांना दुखवायचं मनात नव्हतं. मला वाटलं, तिथे गेल्यावर पांढरं अंडं शोधत बसलो तर ढीग उगाच उकरले जातील. सरांना वेगळं पत्र लिहून माफी मागितली आहे. उत्तर आलेलं नाही.

गावठी कोंबडीची दहा अंडी पेटीत ठेवली होती, नऊ पिल्लं निघाली. आमच्या चाळीत जत्रा झाली होती. दहावं अंडं माझ्याच हातून हललं होतं.

जानेवारी-फेब्रुवारीची रजा मंजूर झाली. फोरमन म्हणाले, "ओव्हाळ, दोन वर्षांत एक दिवस घरी बसला नाहीस, आता एकदम दीड महिना?" मी त्यांना नकाशा दाखवला. कॅनव्हासचे बूट घेतले आहेत. सवय व्हावी म्हणून तेच घालून कामावर जातो.

आपला नम्र,
साहेबराव


निगडी प्राधिकरण
२ डिसेंबर १९७९

प्रिय साहेबराव,

हे पत्र लिहायला मी चार दिवस घेतले, यावरून समजून घ्या.

आमचे जावई, बडोद्याला असतात, त्यांनी नवा कॅमेरा घेतला आहे आणि त्यांना यायचं आहे. मुलीने शब्द टाकला. पास तिघांचाच. प्राध्यापकांशिवाय जाणं शक्य नाही, कारण अर्ज त्यांच्या नावाच्या बळावर मंजूर झाला. तेव्हा तिसरं नाव बदलावं लागलं.

खरं सांगायचं तर यात तुमचाही फायदा आहे. समुद्राचा प्रवास, तंबूत राहणं, चार वेगळ्या माणसांत उठणं-बसणं. तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं. तुमचं काम इथे झालंच आहे. तो पक्षी तुमच्या पेटीतून जन्मला म्हणजे तुम्ही गेल्यासारखंच आहे.

पेटी वीस तारखेच्या आत पाठवा. सोबत एका कार्डावर वापरायची रीत सोप्या शब्दांत लिहून द्या. जावयांना यंत्रातलं काही कळत नाही.

आपला,
अण्णासाहेब


दापोडी
६ डिसेंबर १९७९

आदरणीय अण्णासाहेब,

पासावर 'हमाल' म्हणून जादा माणूस घेता येतो, असं मी पुण्यात चौकशी करून आलो आहे. मला हमाल म्हणून न्या. स्वयंपाक करीन, सामान उचलीन, वेगळा झोपीन, वेगळा जेवीन. माझ्या तिकिटाचं मी बघतो. प्राध्यापक साहेबांसमोर तोंड उघडणार नाही. पक्षी दिसला तरी लांबून बघीन.

हे पत्र तानुबाईला न दाखवता लिहितो आहे.

साहेबराव


निगडी प्राधिकरण
१० डिसेंबर १९७९

प्रिय साहेबराव,

हमालाची सोय आहे हे खरं. पण हमाल हमालासारखा हवा. तुम्ही सामान उचललंत तरी तुमच्या मनात पुस्तकाचं पान असणार, आणि ते प्राध्यापकांना कळणार. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बोलणारा नको, आणि न बोलता बघणारा तर मुळीच नको." मला हसू आलं, पण त्यांचं म्हणणं मी समजू शकतो.

आणखी एक. अर्जात पेटी 'माझ्या आराखड्यानुसार तयार केलेली' असं लिहिलं आहे. खात्याला एका जबाबदार इंजिनियरचं नाव लागतं. कुणी विचारलं तर तुम्हीही तसंच सांगावं.

हा विषय आता संपला असं समजू या.

अण्णासाहेब


दापोडी
१९ डिसेंबर १९७९

आदरणीय अण्णासाहेब,

माझा मेहुणा खंडू पेटी घेऊन येत आहे. तो चाकणच्या कांदा बाजारात हमाली करतो, भरवशाचा आहे. पेटी आदळणार नाही.

कार्ड आत ठेवलं आहे. काटा तेहतीसवर राहील असं बघावं. दर दोन तासांनी चिमणी पाहावी. हाताच्या अंदाजावर जाऊ नये, काटा सांगेल तेच खरं. तबकडी कथिलाचा डाग देऊन बंद केली आहे, ती उघडू नये.

प्रवास सुखाचा होवो.

साहेबराव ओव्हाळ


पोर्ट ब्लेअर
२२ जानेवारी १९८०

प्रिय साहेबराव,

चार दिवसांच्या बोटीनंतर इथे पोचलो. प्राध्यापकांना सतत उलट्या होत होत्या, मी ठणठणीत.

तुम्हाला एक गंमत सांगायची आहे. तुमचा खंडू आमच्याबरोबर आहे! पेटी घेऊन बंगल्यावर आला तेव्हाच माझ्या डोळ्यांत भरला. धिप्पाड, कष्टाळू, आणि विचारल्याशिवाय शब्द बोलत नाही. आम्हाला हवा होता तसा. तिथल्या तिथे ठरवून टाकलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून 'दाजींना सांगू नका' अशी त्याने गळ घातली होती. आपल्या बहिणीलाही त्याने शपथ घातली म्हणे. आता इतक्या लांब आल्यावर सांगायला हरकत नाही.

पेटीची सगळी जबाबदारी त्याच्यावर सोपवली आहे. दिवसातून दहादा तुमचं कार्ड बोट ठेवून वाचतो. बोटीवर पेटीला टेकूनच झोपत होता. वनाधिकाऱ्यांनाही सांगून ठेवलं आहे, की अंड्यांचं बरंवाईट झालं तर हा माणूस जबाबदार. अशा लोकांना जबाबदारी दिली की ते खुलतात.

दोन फेब्रुवारीला ग्रेट निकोबारची बोट सुटते. महिन्यातून एकच असते. तोवर वनखात्याच्या विश्रामगृहात आहोत.

आपला,
अण्णासाहेब


तार
दापोडी, ४ फेब्रुवारी १९८०
अण्णासाहेब, वनविश्रामगृह, पोर्ट ब्लेअर

काटा सव्वीसवर ठेवा. तेहतीस चूक. खंडूचा दोष नाही. पत्र मागाहून. साहेबराव


दापोडी
४ फेब्रुवारी १९८०

अण्णासाहेब,

आपलं पत्र आज दुपारी मिळालं. बोट परवाच सुटली असणार हे मला कळतं. तरी तार केली, आणि तरी हे लिहितो आहे. कदाचित बोट उशिरा सुटली असेल.

पेटी पाठवायच्या आदल्या दिवशी मी तबकडी सात अंश फिरवून डाग दिला. काटा तेहतीस दाखवतो तेव्हा आत चाळीस असतात. चाळीस अंशांत कुठलंही अंडं जगत नाही. काटा सव्वीसवर आणला की आत बरोबर तेहतीस होतील.

अंडी मेली की सगळ्यांसमोर तुमची मान खाली जाईल, एवढंच मला हवं होतं. पिल्लं मरतील हे मला माहीत होतं. त्या पक्ष्याबद्दल तुमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त मला माहीत होतं, आणि तरी केलं. त्याचं काय ते मी बघीन.

पण खंडू तुमच्याबरोबर असेल, हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी तानुबाईला विचारलं, "खंडू कुठे आहे?" ती हसली आणि म्हणाली, "कळलं का शेवटी? तुमच्याच पेटीमागं गेलाय. म्हनला, दाजींची वस्तू हाय, परक्याच्या हाती कशाला." तिला पुढचं मी सांगू शकलो नाही.

माझ्यावर काय करायचं ते करा. कारखान्याला कळवा, पोलिसांत द्या. त्याला काही करू नका.

साहेबराव


पोर्ट ब्लेअर
९ मार्च १९८०

साहेबराव,

तुमची तार विश्रामगृहाच्या टेबलावर महिनाभर पडून होती. पत्रही. आम्ही काल परतलो.

चारही अंडी गेली. तुम्हाला माहीतच होतं.

माझा पहिला विचार तुम्हाला तुरुंगात घालायचा होता. मग रात्रभर बसून नीट विचार केला. ग्रेट निकोबारला वनाधिकाऱ्यांसमोर खंडूचा जबाब झाला आहे. 'मी झोपलो, चिमणी भडकली, अंडी माझ्या हलगर्जीपणाने गेली' असं लिहून त्याची सही घेतली. प्राध्यापकांनी मजकूर सांगितला, जावयांनी लिहिला. खात्याचं समाधान झालं. पुढच्या वर्षी पुन्हा परवानगी मिळण्याची आशा आहे.

आता मी पेटी सदोष होती म्हणालो, तर आराखडा कुणाचा हा प्रश्न येतो. तो अर्जात माझा आहे. म्हणजे तुमच्या दुष्टपणाचं पाप माझ्या नावावर. ते मी होऊ देणार नाही. तुमची तार आणि पत्र मी जाळलं. पेटी आज पहाटे धक्क्यावरून समुद्रात टाकली.

खंडूला आम्ही परत आणत नाही. खात्याने त्याला काळ्या यादीत घातलं आहे, त्याच्यासोबत दिसणं आम्हाला बरं नाही. धडधाकट आहे, इथे लाकडाच्या धक्क्यावर काम मिळेल. लहान माणसाचं नुकसानही लहानच असतं, भरून निघतं.

टूलरूममध्ये फोरमनच्या हाताखालची चार्जहँडची जागा रिकामी होते आहे. मी तुमच्यासाठी शब्द टाकतो. हे उपकार नव्हेत, आपण दोघांनी गप्प राहण्याची ती सोय आहे. हे पत्र वाचून जाळा.

अण्णासाहेब


पोर्ट ब्लेअर
१४ एप्रिल १९८०

दाजींना खंडूचा जयभीम.

दाजी, तुमाला तोंड दावायला जागा न्हाई म्हनून लिवायला उशीर झाला. अक्षर समजून घ्या.

माझ्या हातनं तुमच्या पेटीचा सत्यानास झाला. मी झोपलो न्हवतो असं मला वाटतंय. पर परफेसर म्हनले झोपलास, जावईबापू म्हनले झोपलास, सगळे सायेब म्हनले तवा झोपलोच आसंन. पंधरा दीस आन् रात मी पेटीजवळनं हाललो न्हवतो. एखादा डोळा लागला आसंल.

पेटी हाताला लई गरम लागायची. मी अण्णासायबांना म्हनलो, "सायेब, आत भाजतंय वाटतं." ते म्हनले, "काटा कितीवर हाय?" म्हनलो, "तेहतीस." "मग गप बस." कार्डावर तुमी बी तसंच लिवलं व्हतं, म्हनून गप बसलो. तुमच्या कार्डापरीस माझा हात मोठा न्हाई.

बाविसाव्या तारखेला परफेसरांनी अंडी फोडली. दाजी, आत पाखरं पुरी झाल्याली व्हती. पंख, पिसं, नखं सगळं. नुसती बाहेर यायची राहिली व्हती. जावईबापूंनी फोटू काढले, मग मला कानफटात मारली. दोनदा. तितल्या वाळूत मी चारी पाखरं पुरली. जिती पाखरं बी बघितली मी, ढिगाऱ्यावर, जोडीनं उकरत व्हती. तुमी असता तर लई खूश झाला असता.

आता धक्क्यावर लाकडं वाहतो. पायावर वंडका पडला, दोन बोटं गेली, पर चालतंय. तिकिटापुरतं जमलं की येईन म्हनतो. आईला काय सांगितलंय? ती चाकणात वाट बघत आसंल. ताईला म्हना, रागावू नगं.

दाजी, तुमी एकदा लिवा की मला माफ केलं. तेवढं आलं की मला झोप लागंल. हितं रातीला बी मला झोप येत न्हाई आता, भ्या वाटतं.

तुमचा,
खंडू


दापोडी
८ जून १९८०

प्रिय खंडू,
जयभीम.

तुझं पत्र मिळून महिना झाला. तीनदा उत्तर लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. हा चौथा.

इकडे सगळे बरे आहेत. मी टूलरूममध्ये चार्जहँड झालो. त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले. तुझ्या आई चतुराबाई दर रविवारी चाकणहून एस.टी.ने येतात आणि तुझं विचारतात. 'त्याला तिकडे सरकारी काम लागलं' असं त्यांना सांगितलं आहे. त्या गावभर सांगत सुटल्या आहेत, तेव्हा तूही तसंच लिहीत जा. तुझं पत्र त्यांना मी वाचून दाखवलं, पेटीचं, लाकडांचं, पायाचं आणि कानफटाचं सोडून.

एवढ्यात परत यायची घाई करू नकोस. खात्याच्या कागदावर तुझी सही आहे. इकडे आलास तर लोक विचारतील, आणि तुला नीट सांगता यायचं नाही. पेटी गरम लागत होती हे तू मला लिहिलंस ते ठीक, पण आता दुसऱ्या कुणाला लिहू नकोस, बोलू नकोस. ताईलाही नाही. एकदा कबूल केल्यावर मागे वळून कारणं देणं बरं दिसत नाही.

चूक माणसाकडूनच होते. चार महिने मेहनत केलेली वस्तू गेली, म्हणून आधी मला राग आला असं समज. आता काही राहिलं नाही. तू मागितलंस म्हणून स्पष्ट लिहितो: मी तुला माफ केलं. झोपत जा.

माफीचं एवढं तुझ्या ताईला वाचून दाखवलं. तिने डोळे पुसले आणि माझ्या पायाला हात लावून म्हणाली, "तुमचं मन लई मोठं हाय."

तुझा दाजी,
साहेबराव